नायगाऱ्याआधी पोकीप्सी

लेकीच्या घरी येऊन तुम्हाला नऊ दिवस झालेत. पहाटे तीनला टक्क जाग येणं थांबलंय, मायक्रोवेव्हची बटणं कळलीत, आणि न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये कढीपत्त्यापासून बाकरवडीपर्यंत सगळं मिळतं याचं नवलही ओसरलंय. फ्रिजच्या दारावर जावयाने यादी चिकटवली आहे: नायगारा दोन दिवस, वॉशिंग्टन दोन दिवस, टाइम्स स्क्वेअर एक संध्याकाळ, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, जमलंच तर लास व्हेगास.

यादी चांगली आहे. नायगारा बघाच, त्याचे तुषार तोंडावर घ्या. पण त्याच्या वर मला चार नावं लिहायची आहेत: रोझेल, फिलाडेल्फिया, कोलंबिया आणि पोकीप्सी. या चारही ठिकाणी मी जाऊन आले आहे, पोकीप्सीला तर दोनदा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे फार काही दिसत नाही. म्हणून आजच्या तारखेला तिथे जाऊ नका. मी सांगते त्या तारखांना जा. सोबत अकरा वर्षांच्या नातीला घ्या. ती प्रश्न विचारील, आणि या प्रवासाला प्रश्न विचारणारं कुणीतरी हवंच.

पहिला टप्पा हाकेच्या अंतरावर आहे. एडिसन गावाला हे नाव १९५४ साली मिळालं, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. तिथे आता एक मनोरा उभा आहे, डोक्यावर काचेचा भलामोठा दिवा असलेला. तो बघून गाडी रोझेलकडे वळवा. नात विचारते, "रोझेलला काय आहे?" आत्ता उत्तर देऊ नका. डोळे मिटा. रोझेलला जायचं ते बंदरावरून.

४ जून १८८३. तुमच्या पायाखाली न्यूयॉर्कच्या धक्क्याच्या लाकडी फळ्या आहेत. फळ्यांच्या फटींतून गढूळ पाणी हलताना दिसतं. कोळशाच्या धुराचा, ओल्या दोरखंडांचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास एकत्र येतो. तुमची नजर सवयीने बंदरात हिरवा पुतळा शोधते. तो नाही. त्याच्या बेटावर नुसता जुना किल्ला आहे, आणि चौथऱ्याची कोनशिलासुद्धा पुढच्या वर्षी बसायची आहे. ब्रुकलिनचा पूल मात्र उभा आहे. तो खुला होऊन अकरा दिवस झालेत, आणि पाच दिवसांपूर्वीच त्याच्यावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसं गेली आहेत.

जहाजावरून साडी नेसलेली एक मुलगी उतरते. तिला मुलगीच म्हणायचं, अठरा वर्षं आणि दोन महिने वय आहे तिचं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाली, म्हणजे जवळपास दोन महिने पाण्यावर. नवरा मागे राहिलाय. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. वेळेवर डॉक्टर मिळाला असता तर, हा विचार तिच्या डोक्यातून गेला नाही. म्हणून ती इथे आली आहे. माहेरची यमुना, सासरची आनंदी. आनंदीबाई जोशी.

गर्दीतून तिच्याकडे एक गोरी बाई येते. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. १८८० साली या थिओडिशिया कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट बघत एक मिशनरी मासिक चाळत होत्या. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या कारकुनाचं पत्र छापलेलं होतं: बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? संपादकाचं उत्तरही खाली होतं, आधी ख्रिस्ती व्हा अशा धर्तीचं. बाई घरी आल्या आणि त्यांनी थेट त्या अनोळखी मुलीलाच पत्र लिहिलं. मग तीन वर्षं पत्रं गेली-आली. त्या पत्रांच्या भरवशावर एक मुलगी समुद्र ओलांडून आली, आणि एका बाईने तिला आपल्या घरी नेलं. धर्माची अट नाही, कागद नाही, करार नाही. मी हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला त्या दोघींपैकी जास्त धीराची कोण हे ठरवता येत नाही.

आता त्यांच्या मागोमाग रोझेलला चला. कार्पेंटरबाईंचं घर इथेच आहे. संध्याकाळ होते. नात तुमचा हात ओढते: रस्त्याकडेला खांब, खांबांवरून तारा, आणि तारांच्या टोकाला पेटलेले दिवे. १८८३ साली! याच वर्षीच्या १९ जानेवारीला एडिसनच्या माणसांनी डोक्यावरून तारा नेऊन अख्खं गाव विजेवर उजळून दाखवलं. असं पहिलं गाव रोझेल. कल्याणच्या वाड्यात समईच्या उजेडात वाढलेली मुलगी उतरली ती नेमकी इथे. सकाळी काचेचा तो मोठा दिवा बघताना नातीने विचारलेला "याचा आपला काय संबंध" हा प्रश्न आता तिचा तिलाच सुटलेला असतो.

त्या घरात आनंदी कार्पेंटरबाईंना मावशी मानते. उन्हाळा तिथे काढते. पुढची दोन-तीन वर्षं सुटीत यायचं घर म्हणून तिला हेच ठाऊक आहे.

पुन्हा डोळे उघडलेत की रोझेल एक साधं उपनगर आहे, पेट्रोल पंप, चर्च, लाकडी घरं. खांबांवरून तारा अजून तशाच गेल्या आहेत. त्यांच्याकडे मान वर करून बघा, कॉफी घ्या आणि निघा.

फिलाडेल्फियात सगळे जातात ते तडा गेलेली घंटा बघायला. तुम्हीही रांगेत उभ्या राहा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग तिथून वायव्येला पाचेक किलोमीटरवर, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आणि एकविसावा रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर जा. इथे पेनसिल्व्हेनियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज होतं. १८५० साली फक्त स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी काढलेलं. कॉलेज पुढे हललं, दुसऱ्या संस्थांत मिसळलं, जुने कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. कोपऱ्यावर ती इमारत नाही. पण समोर गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत आहे, ती तेव्हाही होती. त्या भिंतीला हात लावा. दगड गार आहे.

आणखी गार होतो. १८८४चा जानेवारी. बर्फ घोट्यापर्यंत. भिंतीच्या कडेने तीच मुलगी चालली आहे, पुस्तकं छातीशी धरून. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि इथल्या वाऱ्याला ते पुरतं कळतं. काही दिवसांनी ती साडी गुजराती पद्धतीने, पाय झाकून नेसायला लागते. साधी गोष्ट, पण हा निर्णय तिने नवऱ्याला न विचारता घेतला आणि मग पत्राने कळवला. त्या काळातल्या संसारात हे किती मोठं पाऊल होतं ते तुमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. तिच्या खोलीतली शेकोटी नीट चालत नाही. पेटवली तर खोली धुराने भरते, विझवली तर हात कापतात. धुरात बसायचं की थंडीत, असा कौल रोज लावायचा. मांस खायचं नाही हे तिचं ठरलेलं आहे. इथल्या बाजारात त्या ऋतूत हिरवं काय मिळणार? खोकला सुरू झालाय.

गोपाळरावांची पत्रं येतात. कधी धीराची, कधी बोचणारी. हा माणूस मला अजून पुरता उलगडत नाही. बायकोने शिकावं म्हणून त्यांनी बदल्या घेतल्या, शिव्या खाल्ल्या, समाजाला अंगावर घेतलं. आणि अभ्यास केला नाही म्हणून त्यांनीच तिला मारलंही. तिने दोन्ही सोसलं.

इथे नातीला एक फोटो दाखवा, फोनवर मिळेल. १० ऑक्टोबर १८८५चा आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात: डावीकडे साडीत आनंदी, मध्ये किमोनोत जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लांबुली. मी हा फोटो अनेकदा न्याहाळला आहे. पायापर्यंत आलेली साडी, अंगावर मोजके दागिने, आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर. तिच्यात ना भीती आहे ना हसू. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलींच्या तोंडावर असते तशी थकवा गिळलेली ती नजर आहे. नात म्हणते, "ती आजारी दिसते." खरं आहे.

११ मार्च १८८६. सभागृह भरलंय. तुम्ही मागच्या रांगेत बसा, नातीला मांडीवर घ्या म्हणजे तिला दिसेल. पुढे गोपाळराव आहेत, ते गेल्या वर्षी आले. त्यांच्याजवळ पांढऱ्या वस्त्रातली, केस कापलेली एक बाई बसली आहे, सत्तावीस वर्षांची. ही पंडिता रमाबाई. इंग्लंडमधलं शिक्षण थांबवून, वादळी अटलांटिक ओलांडून ती आठवड्याभरापूर्वी फिलाडेल्फियाला उतरली, आनंदीचा हा दिवस बघायला. दोघी दूरच्या नात्यातल्या. सोबत पाच वर्षांची होत आलेली लेक, मनोरमा. रमाबाई विधवा आहे, अडीच वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली आहे. आनंदी हिंदूच राहिली आहे. पुण्यात या दोघींवर वेगवेगळ्या कारणांनी राळ उडते. इथे दोघी एका छताखाली आहेत.

नाव पुकारलं जातं. आनंदी मंचावर जाते. तिचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर आहे. ज्या खोलीत तिचं बाळ गेलं त्या खोलीबद्दल तिने शास्त्राच्या भाषेत लिहिलं, असंच मी त्या विषयाकडे बघते. डीन रेचल बॉडली पदवी देतात. टाळ्यांचा कडकडाट होतो. अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेतलेली पहिली भारतीय स्त्री. तुमच्या मांडीवरची नात टाळ्या वाजवते आहे, आणि त्या आवाजातून तुम्हाला मंचावरचा खोकला ऐकू येतो.

हा दिवस, ११ मार्च, लक्षात ठेवा. पुन्हा लागेल.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आनंदी आणि गोपाळराव न्यूयॉर्कहून परत निघाले. धक्क्यावर क्षणभर थांबा. आता बंदरात पुतळा दिसतो आहे, चौथऱ्यावर चढलेला, अजून तांब्याच्या रंगाचा, शेवटचं काम चाललेला. २८ ऑक्टोबरला त्याचं अनावरण झालं तेव्हा आनंदी या किनाऱ्यापासून दूर गेली होती. त्या समारंभाच्या बेटावर स्त्रियांना जवळजवळ मज्जावच होता. मताधिकार मागणाऱ्या बायकांनी बोट भाड्याने घेऊन पाण्यातूनच निषेध केला. तुमच्या यादीतला तो पुतळा बघायला जाल तेव्हा बोटीच्या कठड्याशी उभं राहून हे नातीला सांगा.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात आनंदीची नेमणूक झालेली होती. ती रुजू होऊ शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली. क्षय.

रमाबाई अमेरिकेत राहिली. बोस्टनला जाणं तुमच्या यादीत नसेल, पण गेलात तर कॉप्ली चौकातल्या ट्रिनिटी चर्चसमोर पाच मिनिटं थांबा. तिथले तेव्हाचे धर्मगुरू फिलिप्स ब्रूक्स हे १३ डिसेंबर १८८७ला बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या 'रमाबाई असोसिएशन'चे एक उपाध्यक्ष, आणि अध्यक्ष लेखक एडवर्ड एव्हरेट हेल. पांढऱ्या साडीतली ही बाई शहरोशहरी फिरली, इंग्रजीत बोलली, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहून विकलं. त्याच्या प्रस्तावनेत डीन बॉडलींनी आनंदीची आठवण काढली आहे. बोस्टनकरांनी शब्द दिला: बालविधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं आम्ही उचलू. मधल्या काळात तिने फिलाडेल्फियात बालवाडीचं शिक्षणही घेतलं. देशाचा हा सगळा अनुभव तिने पुढे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या मराठी पुस्तकात मांडला, १८८९ साली. अमेरिकेला निघण्यापूर्वी जी पुस्तकं वाचावीत त्यांत ते मी पहिलं ठेवीन.

आणि शाळा? मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ, शारदा सदन. उद्घाटनाची तारीख ११ मार्च १८८९. फिलाडेल्फियातल्या त्या टाळ्यांना बरोबर तीन वर्षं झाली होती. सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत एक बालविधवा होती, गोदूबाई. १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. सासरी तिला नाव मिळालं आनंदी. हिंगण्याच्या बाया कर्वे त्या याच.

पुढचा टप्पा न्यूयॉर्क, पण टाइम्स स्क्वेअर नाही. तिथूनच पहिल्या क्रमांकाची सबवे घ्या, उत्तरेला ११६व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरा. १९०४चं स्थानक आहे. जिने चढून वर येताना पायरीगणिक वर्षं मागे जाऊ द्या, आणि बाहेर पडाल तेव्हा १९१३चा जुलै संपत आलेला असू द्या. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रशस्त पायऱ्यांवर ऊन तापलंय. पायऱ्यांच्या मध्यावर विद्यामातेचा ब्राँझचा पुतळा बसला आहे, मागे घुमट असलेली लो लायब्ररी. (आज विद्यापीठाच्या फाटकातून आत सोडतात का, याची आधी चौकशी करा. पायऱ्या बाहेरून दिसल्या तरी पुरे.)

एक बावीस वर्षांचा तरुण पायऱ्या चढतो आहे. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, त्यातलेही काही घरी पाठवायचे. घरी बायको आहे, तिचंही नाव रमाबाई. भीमराव आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा, नळाला त्याने हात लावायचा नाही. तुम्ही त्याच्या मागून घुमटाखालच्या वाचनालयात जा. तो आत येतो, एक खुर्ची ओढतो आणि एका अनोळखी विद्यार्थ्याच्या शेजारी बसतो. शेजारचा मान वर करून बघतो आणि पुन्हा पुस्तकात बघायला लागतो. बस, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीपाशी मी खूप वेळ थांबले होते. तुम्हीही थांबा.

४ ऑगस्टला तो वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहितो. इथे येऊन धड महिना झालेला नाही. मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, म्हणजे आपली प्रगती किती झपाट्याने होईल, असं त्याचं म्हणणं. तुम्ही त्याच्या खांद्यावरून ते वाचता. तीस वर्षांपूर्वी याच शहराच्या धक्क्यावर उतरलेली ती साडीतली मुलगी तुम्हाला आठवते.

तीन वर्षं तो इथे आहे. आधी हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ती इमारत अजून आहे, नाव बदलून वॉलक हॉल झालंय. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई, इतिहासाचे रॉबिन्सन. एकामागून एक वर्ग. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तो पैसे मोजून मोजून पुस्तकं घेतो.

९ मे १९१६. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा परिसंवाद. लांब टेबल, काही विद्यार्थी, उघड्या खिडक्या. तुम्ही भिंतीशी बसा. पंचविशीतला तरुण निबंध वाचतो आहे, भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर. त्याचं म्हणणं साधं आणि भेदक आहे: जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. पण गटातल्या बायका आणि पुरुष यांची संख्या कायम सारखी राहत नाही. नवरा मेला तर बायको 'जास्तीची' होते, आणि ती बाहेर लग्न करील ही भीती. तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. आणि बायको गेलेल्या पुरुषाला गटातच राखायचं तर त्याच्यासाठी अजून वयातही न आलेल्या पोरीतून बायको आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. जात टिकवण्यासाठी या तीन खिळ्यांची गरज होती.

तुमच्या नातीला यातलं फारसं कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्हाला आजोळच्या माजघरातला तो फोटो आठवतो, लाल आलवणातल्या पणजीचा. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, बाराव्या वर्षी विधवा झालेली, नव्वदीत गेली. ती कशाने तशी झाली हे तुमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. नशीब म्हणायचे. आणि इथे, समुद्रापलीकडच्या एका वर्गात, एक मराठी मुलगा त्या नशिबाचे सांधे एकेक करून उघडून दाखवतो आहे. नवव्या वर्षी लग्न झालेली आनंदी, विधवांसाठी बोस्टनमध्ये वर्गणी मागणारी रमाबाई, आणि हा. तिघं या देशात वेगवेगळ्या सालांत, वेगवेगळ्या दारांनी आली. गाठ एकच होती.

१९५२च्या ५ जूनला तो पुन्हा याच विद्यापीठात येईल, राज्यघटना लिहून झालेली असेल, आणि कोलंबिया त्याला मानद डॉक्टरेट देईल. तोवर थांबायची गरज नाही. इंटरनॅशनल अफेअर्सच्या इमारतीतल्या लेमन लायब्ररीत त्याचा अर्धपुतळा आहे. जाता आलं तर बघा.

आता शेवटचा टप्पा, आणि तो आजच्याच तारखेला करा. रविवारी नको, शनिवारी. ग्रँड सेंट्रल स्थानकावरून हडसन लाइनची गाडी, शेवटचं स्थानक पोकीप्सी, साधारण दोन तास. जाताना डाव्या बाजूला खिडकीशी बसा. जवळजवळ संबंध वाट हडसन नदी तुमच्या सोबत चालते, इतकी जवळ की काही ठिकाणी रुळांखाली पाणीच आहे असं वाटतं. पलीकडे वेस्ट पॉइंटच्या करड्या भिंती, पुढे नदीतल्या एका बेटावर पडका किल्ला, आणि शरद ऋतू असेल तर डोंगरच्या डोंगर लाल आणि पिवळे. मी पहिल्यांदा ऑक्टोबरात गेले होते. पुढ्यातला डबा उघडायचं भान राहिलं नाही. पोहे गार झाले.

स्थानकाजवळ नदीवर रेल्वेचा जुना उंच पूल आहे, १८८९चा. २००९पासून तो चालणाऱ्यांसाठी खुला आहे, दोन किलोमीटरहून लांब. येताना त्याच्यावर जा. आधी टॅक्सी करा आणि दक्षिणेला पोकीप्सी रुरल सेमेटरीत चला. मोठी बाग असावी तशी दफनभूमी आहे, चढउतार, जुने मेपल, वळणावळणाचे रस्ते. मला दगड शोधायला पाऊण तास लागला, कारण मी स्मारक शोधत होते, काहीतरी उंच, लांबून दिसणारं. तसं काही नाही. कार्पेंटरबाईंच्या नातेवाइकांच्या दगडांच्या रांगेत तसाच एक साधा दगड आहे. आनंदीच्या मृत्यूनंतर गोपाळरावांनी तिच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या, आणि मावशीने त्या आपल्या माणसांत ठेवल्या. पत्रांनी जोडलेलं नातं तिने असं शेवटपर्यंत पाळलं.

तुम्ही दोघी दगडासमोर उभ्या आहात. पानं पडलेली आहेत, ती नात हाताने बाजूला करते. दगडावर नाव आहे, आनंदीबाई जोशी, एम. डी., आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. तो 'ब्राह्मण' शब्द तुम्हाला आज सकाळपेक्षा वेगळा वाचता येतो, कारण तुम्ही ९ मे १९१६ला त्या भिंतीशी बसून आला आहात. खाली दोन सालं. १८६५ आणि १८८७.

नात बोटं न वापरता वजाबाकी करते. "बावीस."

"नाही गं," तुम्ही म्हणता. "तिचा वाढदिवस ३१ मार्चला. ती गेली २६ फेब्रुवारीला."

नात पुन्हा मनात मोजते. मग खाली बसते आणि दगडाच्या तळाशी अडकलेलं एक ओलं पान नखाने सोडवायला लागते. ते चिकट आहे, निघायला वेळ लागतो.

"एकवीस," ती म्हणते.